हार्ट्रिकचं ‘वीमेन्स वर्क’: छापचित्र खरं की प्रत, छापलं कसं, आणि आपल्या हवेत जपायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडहून आलेल्या जुन्या सामानात एक फ्रेम सापडली आहे. आत काळ्या शाईतलं चित्र आहे, दारूगोळ्याच्या कारखान्यात टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या बायकांचं, आणि खाली पेन्सिलीने ए. एस. हार्ट्रिक अशी सही. हे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं खरं छापचित्र आहे की नंतरची प्रत? तेव्हा ते छापलं कसं असेल? कडा तपकिरी पडल्यात, कोपऱ्यात ठिपके दिसतात, आणि फ्रेमवाला लॅमिनेट करून घ्या म्हणतो. करावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घाई तिथे आहे. लॅमिनेट अजिबात करू नका. उष्णता देऊन चिकटवलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं आणि नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत ते पूर्ण निघत नाही. कागदातलं आम्ल आतच कोंडलं जातं ते वेगळंच. फ्रेम भिंतीवरून उतरवा, कोरड्या खोलीत आडवी ठेवा आणि तूर्त उघडू नका.

आता चित्राकडे. १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याने ‘द ग्रेट वॉर: ब्रिटन्स एफर्ट्‌स अँड आयडियल्स’ हा ६६ लिथोग्राफचा, म्हणजे शिळाछाप चित्रांचा, संच काढला. चित्रकार १८. ‘आयडियल्स’मधली १२ चित्रं रंगीत आणि रूपकात्मक आहेत: न्यायाचं राज्य, पोलंड राष्ट्र, बेल्जियमची पुनर्बांधणी असले विषय. ‘एफर्ट्‌स’मधली ५४ चित्रं एकरंगी, नऊ चित्रकारांना प्रत्येकी सहा अशी वाटून दिलेली. म्युरहेड बोनकडे जहाजबांधणी, नेव्हिन्सनकडे विमानं, क्लॉसनकडे तोफा, रोदेनस्टाइनकडे शेती आणि आर्चिबाल्ड स्टँडिश हार्ट्रिककडे ‘वीमेन्स वर्क’. छपाई लंडनच्या अ‍ॅव्हेन्यू प्रेसमध्ये अर्नेस्ट जॅक्सनच्या देखरेखीखाली झाली. पहिलं प्रदर्शन जुलै १९१७ मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत भरलं, पुढे संच अमेरिकेतही गेला. अठराच्या अठरा चित्रकार पुरुष होते. बायकांच्या कामाची चित्रंही पुरुषाकडूनच काढून घेतली, हे सरकारी कामाला साजेसंच झालं.

हार्ट्रिकचा जन्म १८६४ चा, बंगळूरचा. वडील लष्करात, आणि मुलगा अगदी लहानपणीच स्कॉटलंडला गेला. तरुणपणी पॅरिसमध्ये त्याची व्हॅन गॉगशी ओळख होती. पुढे बरीच वर्षं त्याने ‘द ग्राफिक’सारख्या सचित्र साप्ताहिकांसाठी बातमीची चित्रं काढली आणि लिथोग्राफीला कलेचा दर्जा मिळावा म्हणून लंडनमध्ये निघालेल्या सेनेफेल्डर क्लबच्या संस्थापकांत तो होता. म्हणजे दोन गोष्टी त्याच्या हातात मुरलेल्या होत्या: उभ्या उभ्या माणसांची हालचाल पकडणं, आणि शिळेवर खडू चालवणं.

त्याची सहा चित्रं ही: शेतावर नांगरणी, शहरात बस कंडक्टर, रेल्वेत इंजिन आणि डबे धुणाऱ्या बायका, आणि दारूगोळ्याच्या कामाची तीन. या तिन्ही चित्रांची नावं नीट वाचा. एक ‘जड काम’, म्हणजे ड्रिलिंग आणि ओतकाम. दुसरं ‘कुशल काम’. तिसरं ‘धोक्याचं काम’, म्हणजे टीएनटी भरणं, आणि तुमच्याकडचं बहुधा हेच. ही विशेषणं चित्रकाराला सुचली म्हणून आलेली नाहीत, त्यामागे त्या वेळचा कारखान्यातला वाद आहे. मार्च १९१५ मध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला की कुशल पुरुषांच्या जागी बायका आणि अकुशल माणसं घेता येतील, पण फक्त युद्ध चालू असेपर्यंत. ‘कुशल’ हा शब्द म्हणजे थेट मजुरीच्या दराचा प्रश्न होता. बाई तेच लेथ चालवते, तर तिला तोच दर का नाही? लंडनच्या बस आणि ट्रामवरच्या महिला कंडक्टरांनी ऑगस्ट १९१८ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर संप केला, पुरुषांना दिलेला पाच शिलिंगांचा युद्धबोनस आम्हालाही द्या म्हणून, आणि तो मिळवला. १९१९ मध्ये मात्र युद्धापूर्वीच्या प्रथा परत आणण्याचा कायदा झाला आणि यंत्रांवरून बहुतेक बायकांना खाली उतरावं लागलं.

‘धोक्याचं’ हा शब्द सरकारने छापू दिला याचं नवल वाटतं. डिसेंबर १९१६ मध्ये लीड्सजवळ बार्नबो इथे तोफगोळे भरण्याच्या कारखान्यात स्फोट होऊन ३५ बायका गेल्या, ती बातमी दाबून ठेवली होती. १९ जानेवारी १९१७ ला लंडनमध्ये सिल्व्हरटाउनला सुमारे ५० टन टीएनटी उडालं, ७३ माणसं मेली. तो आवाज सगळ्या शहराने ऐकला होता, लपवणार काय? संच प्रदर्शनात लागला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. धोका अमान्य करता येत नव्हता, म्हणून तो शौर्य म्हणून दाखवला. जे दाखवलं नाही ते रंगाचं आहे. टीएनटीच्या भुकटीने या बायकांची कातडी आणि केसांच्या बटा पिवळ्या पडत, लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. यकृतावर परिणाम होऊन १९१६ ते १९१८ या काळात विषारी काविळीने शंभरावर कामगार दगावले. एकरंगी लिथोग्राफमध्ये पिवळं दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ‘एफर्ट्‌स’ एकरंगी ठेवण्यामागे हे कारण होतं असं नाही, एकरंगी छपाई स्वस्त आणि झटपट होते एवढंच. पण परिणाम तोच झाला.

चित्रातला पोशाखही कामाचा भाग म्हणून बघा. भरणी विभागात केसांच्या पिना, काड्यापेटी, धातूचं काहीही आत न्यायला बंदी होती, कारण एक ठिणगी पुरे. डोक्याला घट्ट टोपी यासाठी की भुकटी केसांत बसू नये आणि यंत्रविभागात केस पट्ट्यात जाऊ नयेत. एखादी प्रत ‘त्या काळातल्या नर्सेस’ म्हणून विकायला ठेवलेली दिसते, ती अशा टोप्या बघूनच.

छपाईचं तंत्र समजलं की खरं-खोटं ओळखणं सोपं जातं, म्हणून ते जरा सविस्तर. लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप. जुनी मराठी पंचांगं आणि पोथ्या ज्यावर निघाल्या तीच पद्धत. दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडीचा. त्या तोडीचा दगड दुसरीकडे मिळत नाही, त्यामुळे जर्मनीविरुद्धचा प्रचारही जर्मन दगडाच्या पद्धतीवरच उभा होता. सात ते दहा सेंटीमीटर जाडीची शिळा घेऊन तिच्यावर ओली वाळू किंवा कार्बोरंडम (घासायची कडक भुकटी) टाकून घासतात, आज साधारण ८० नंबरपासून सुरू करून १८० किंवा २२० पर्यंत. याने पृष्ठभागावर बारीक दाणा उठतो. घासताना मध्य खोलगट राहिला तर प्रेसमध्ये तिथे दाब कमी पडतो आणि चित्राच्या मधोमध फिकट डाग येतो. वर सरळ पट्टी आणि तिच्याखाली कागदाच्या चिठ्ठ्या ठेवून हे तपासतात. चिठ्ठी कुठेही सैल ओढली जायला नको.

खडूमध्ये मेण, चरबी, साबण, लाख आणि काजळी असते. शिळेला चरबी धरते, पाणी चरबीपासून दूर राहतं, सगळा खेळ एवढाच. चित्र काढून झालं की गम अरेबिकच्या द्रावणात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून ते शिळेवर पसरतात. ३० मिलिलिटर डिंकपाण्याला हलक्या छटांसाठी तीन ते सहा थेंब, गडद भागासाठी बारा ते वीस. शिळा पिवळट, म्हणजे मऊ, असेल तर कमी. करडी कडक असेल तर थोडे जास्त. आम्ल जास्त झालं की फिकट छटा जळून जातात आणि चेहऱ्यांवरची मऊ सावली गायब होते. कमी झालं की छपाईत गडद भाग भरून येतात, काळ्याचा चिखल होतो. मग टर्पेंटाइनने खडू पुसून काढतात. शिळा कोरी दिसू लागते, पण चरबी दगडात मुरलेली असते. ओल्या फडक्याने पुसून कातडी रोलरने शाई दिली की चित्र परत उठतं. स्क्रेपर प्रेसमध्ये कातडं लावलेली लाकडी पट्टी चरबी लावलेल्या पाठकागदावरून घासत जाते आणि शिळेवरची शाई कागदावर उतरते. प्रत्येक प्रतीआधी शिळा ओली करायचीच. ती मध्येच सुकली तर पांढऱ्या भागालाही शाई धरते आणि करडी मळ चढते. काम करणाऱ्याच्या बोटाचा ठसा किंवा डोक्यातला कोंडासुद्धा चरबीच असल्यामुळे छापून येतो, हे नवख्यांना फार महागात पडतं.

दुसरा रस्ता ट्रान्सफर कागदाचा. लेप दिलेल्या कागदावर खडूने काढायचं आणि ते चित्र दाबाने शिळेवर उतरवायचं. जड दगड कारखान्यात नेण्यापेक्षा कागदाची वही नेणं सोपं, म्हणून बाहेर जाऊन काढणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा. दगडावर थेट काढलं तर छाप उलटी येते; ट्रान्सफरमध्ये दोनदा उलटून सरळ होते. भिंगातून बघताना खडूच्या रेषेत कागदाच्या जाळीची नियमित रेघोटी दिसली तर ट्रान्सफर समजा. याने किंमत कमी होत नाही. ट्रान्सफरवरचा लिथोग्राफ खरा मानायचा की नाही यावर १८९७ मध्ये लंडनच्या कोर्टात पेनेल विरुद्ध सिकर्ट हा दोन चित्रकारांमधला खटला होऊन गेला आहे आणि ट्रान्सफर वापरणारा पेनेल जिंकला होता.

आता तपासणी. लागणार काय? दहापट भिंग, मिळालं तर वीसपटही, एक टॉर्च, स्वच्छ कोरडे हात. काच असेल तरी पहिले दोन टप्पे काचेवरून जमतात.

भिंग एखाद्या करड्या भागावर धरा, गालाची सावली किंवा ओव्हरऑलची घडी. खऱ्या लिथोग्राफमध्ये काळे कण ओबडधोबड, लहानमोठे, मनमानी विखुरलेले दिसतात. प्रत्येक कण म्हणजे शिळेच्या दाण्याचं टोक. दाब वाढेल तसे कण एकमेकांत मिसळत जातात, पण ओळीत बसत नाहीत. ठिपके सरळ रांगेत, समान अंतरावर, फक्त लहानमोठे असतील तर तो हाफटोन, म्हणजे पुस्तकातून किंवा पोस्टरवरून आलेली प्रत. निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट. तोंडातून उडवल्यासारखे अतिबारीक रंगीत शिंतोडे असतील तर इंकजेट. आजकाल ‘आर्ट प्रिंट’ म्हणून जाड कॉटन कागदावर विकलं जातं ते हेच, आणि नुसत्या डोळ्याला ते भलतंच खरं वाटतं. हार्ट्रिक १९५० मध्ये गेला, म्हणजे स्वामित्वहक्काची मुदत संपली, आणि संग्रहालयांनी या चित्रांचे चांगले स्कॅन जालावर ठेवले आहेत, त्यामुळे अशा प्रती पुष्कळ निघाल्या आहेत.

फसगत कोलोटाइपमध्ये, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून होणाऱ्या छपाईत, होते. त्यात जाळी नसते, कणही अनियमित असतात. वीसपट भिंगात मात्र ते कण गांडुळासारखे वळवळते, सुरकुत्यांसारखे दिसतात. लिथोच्या कणाला टोकदारपणा असतो, कोलोटाइपच्या कणाला नाही. ज्यांच्या घरी रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं आहेत त्यांनी एकदा तीही भिंगाखाली धरावीत. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या या प्रेसची चित्रं रंगीत लिथोच होती. त्यात हाताने दिलेले ठिपके दिसतात, रंगावर रंग चढलेले. हाताचा ठिपका आणि जाळीचा ठिपका यातला फरक डोळ्यांत बसवायला याहून चांगला नमुना घरात मिळणार नाही.

दुसरं, सही. पेन्सिलीचा शिसा टॉर्च तिरकी धरली की चमकतो आणि कागदावर हलकी खाच असते. छापलेल्या सहीत चमक नसते आणि भिंगात तिचे ठिपके होतात. उलट, सही खरी पेन्सिलीची आहे म्हणून चित्र खरं असं नाही, कोणीही नंतर करू शकतो. सहीचा विचार कणांनंतर करा, आधी नको.

तिसऱ्या टप्प्याला फ्रेम उघडावी लागेल. या चित्रांचा छापील भाग साधारण ४६ बाय ३६ सेंटीमीटर आहे, बाजूने कोरा कागद. माप बरंच लहान असेल तर पुस्तकाचं पान समजा. कागदाभोवती दाबाची चौकट शोधू नका. ती तांब्याच्या पत्र्यावरच्या एचिंगला असते, लिथोला नसते. ‘प्लेटमार्क नाही म्हणजे नकली’ असं सांगणाऱ्याला विषय कळलेला नाही. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह बघा. आणि अतिनील टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा: कागद निळसर झगझगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत. ती कागदात आली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर, म्हणजे १९१७ चा विषय तिथेच संपला. झगझगला नाही म्हणजे मात्र जुनाच असं सिद्ध होत नाही.

खरं निघालं तर प्रतीचा दर्जा बघा. गडद भागात मखमली काळं आणि त्यातही कण सुटे दिसत असतील तर छपाई उत्तम. काळं बंद, सपाट, घोटलेलं असेल तर शिळा भरत आल्यावर काढलेली प्रत. काही पांढऱ्या रेघा सुरीने शिळेवर खरवडून काढलेल्या असतात, त्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. तुलनेसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातली याच चित्राची प्रतिमा मोठी करून शेजारी ठेवा आणि एकच भाग, उदाहरणार्थ एखाद्या हाताची बोटं, कणाकणाने ताडून बघा.

एक गल्लत टाळा. दुसऱ्या महायुद्धातही असा एक लिथोग्राफ संच निघाला, ‘वीमेन्स वर्क इन द वॉर’, एथेल गॅबेनचा, ब्रिटिश युद्धचित्रकार समितीसाठी १९४१ मध्ये. त्यात वाळूच्या गोण्या भरणाऱ्या, लाकूड ओंडके फेकणाऱ्या, विमान बांधणाऱ्या बायका आहेत. नावं सारखी असल्यामुळे विक्रेते दोन्ही संच एकमेकांत मिसळतात. गॅबेनची रेघ हलकी आणि रुपेरी. हार्ट्रिकची ठाम, बातमीदाराची. मला विचाराल तर चित्र म्हणून गॅबेन सरस आहे, पण कामाचा तपशील हार्ट्रिककडे जास्त पक्का.

राहिलं जतन. कडांचा तपकिरी रंग बहुधा जुन्या माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) आम्लाचा आणि मागच्या प्लायवुडचा. फ्रेम उघडताना चित्र काचेला चिकटलेलं वाटलं तर ओढू नका, तिथेच थांबा आणि कागद-संवर्धकाकडे न्या. मोकळं असेल तर प्लाय, पुठ्ठा, जुना माउंट काढून टाका. मागे सेलोटेप असेल तर तिला हात लावू नका, ओढली की कागदाची साल निघते. बुरशीचे ठिपके पुसायचे नाहीत, ब्लीच तर नाहीच. बुरशी कोरडी, पावडरसारखी असेल तर मास्क लावून, उघड्या हवेत, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच काढा, पेन्सिलीची सही सोडून. कागदात शिरलेले तपकिरी डाग तसेच राहू द्या.

नवा माउंट शंभर टक्के कॉटन रॅग बोर्डचा, पुढे खिडकी आणि मागे पाठ. चित्र फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांनी टांगायचं. बिजागरी म्हणजे हाताने फाडलेली जपानी कागदाची पट्टी, साधारण दीड बाय चार सेंटीमीटर. कात्रीने कापलेली कड पुढे उमटते. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ: एक भाग स्टार्च, चार ते पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवायची, गार झाल्यावर दोनदा गाळायची. घरचा मैदा चालत नाही, त्यातल्या ग्लुटेनला कसर आणि झुरळं लगेच लागतात. फेव्हिकॉल, दुतर्फा टेप, ‘अ‍ॅसिड-फ्री’ छापलेली स्टिकर टेप, काहीही नको. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो आणि त्याला पसरायला जागा न मिळाल्याने लाटा येतात.

काच अतिनील रोखणारी, आणि काच व चित्र यांच्यात माउंटच्या जाडीइतकी फट हवीच. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच. खिडकीसमोरची भिंत नको. मुंबई-कोकणात बाहेरच्या पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर कधीही टांगू नका. आतली भिंत निवडा आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी जागी होते, म्हणून दोन-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर शेजारी ठेवा. जून ते सप्टेंबर ती आटोक्यात राहत नसेल तर फ्रेम उतरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत ठेवा. जेलचा रंग बदलला की भाजून घ्या, ओलं जेल असून नसून सारखंच. डांबरगोळ्या मात्र त्या पेटीत टाकू नका.

संवर्धकाकडे नेताना गुंडाळी करू नका. दोन कडक बोर्डांमध्ये सपाट, मधे आम्लरहित टिश्यू. फ्रेम उघडण्याआधी पुढून, मागून आणि सहीचा जवळून असे फोटो काढून ठेवा. जुन्या पाठीवर एखादं लेबल, फ्रेमवाल्याचा शिक्का किंवा हस्ताक्षर असेल तर तो पुठ्ठा फेकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. चित्र कोणाकडून कुठे गेलं याचा धागा बहुतेक वेळा त्याच्यावरच असतो.